नगरसेवक रोजगार कुठून देणार? बडोद्याच्या मतदारासाठी पत्रके तपासण्याची रीत

महानगरपालिकेची निवडणूक आली की दांडिया बाजारापासून माकरपुऱ्यापर्यंत प्रत्येक पत्रकावर एक ओळ ठरलेली असते: युवकांना रोजगार, व्यापाराला चालना. ती लिहिणारे सगळेच फसवे नसतात. पण नगरसेवकाच्या हातात काय असते आणि काय नसते हे ठाऊक नसले, तर त्या ओळीवरून मत ठरवता येत नाही. पुढे दिलेली रीत एका वॉर्डासाठी आहे. शांतपणे बसले तर दोन संध्याकाळी पुरतात. जवळ हवीत वॉर्डातल्या सगळ्या पॅनलची (एका पक्षाने वॉर्डात एकत्र उभ्या केलेल्या उमेदवारांची) पत्रके, उमेदवारांची प्रतिज्ञापत्रे, सेवासदनाचे (म्हणजे महानगरपालिकेचे) चालू वर्षाचे बजेट आणि एक वही.

पायरी १: आपले मत कुठवर पोचते ते पाहा

२०२१ च्या निवडणुकीत शहरात १९ वॉर्ड आणि ७६ जागा होत्या, म्हणजे वॉर्डामागे चार नगरसेवक. प्रत्येक मतदाराला चार मते असतात आणि ती चारही एकाच पॅनलला दिली पाहिजेत असे बंधन नाही. त्यामुळे उमेदवार एकेक करून तपासण्याला अर्थ आहे. पक्षाचा जाहीरनामा आणि उमेदवाराचे स्वतःचे म्हणणे वहीत वेगवेगळ्या पानांवर लिहा. वॉर्डात उपयोगी पडते ते बहुतेक वेळा दुसरे.

महापौर आपण थेट निवडत नाही. नगरसेवक आपल्यातून अडीच वर्षांसाठी निवडतात. पैशांचे आणि निविदांचे मोठे निर्णय १२ सदस्यांच्या स्थायी समितीत होतात, अंमलबजावणी राज्य सरकारने नेमलेल्या कमिशनरांकडे असते, आणि हा सगळा कारभार १९४९ च्या महानगरपालिका कायद्याखाली चालतो. म्हणून ‘मी निवडून आलो की अमुक करीन’ असे वाक्य दिसले की पुढे एक प्रश्न लिहून ठेवा: कोणत्या अधिकारात? समग्र सभेत (सर्व नगरसेवकांच्या सभेत) प्रश्न विचारणे, बजेटवर दुरुस्ती सुचवणे, आपली वार्षिक ग्रांट कुठे खर्च व्हावी ते सांगणे, समितीवर असल्यास निविदेच्या अटींवर आक्षेप घेणे, हे साध्या नगरसेवकाचे खरे अधिकार. ते लहान नाहीत. वापरणारे मात्र थोडे.

प्रतिज्ञापत्रात मालमत्ता, कर्ज, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती असते. रोजगाराच्या दृष्टीने त्यात एक गोष्ट खास पाहावी: उमेदवाराचा धंदा काय. पालिकेच्या ठेक्यात हितसंबंध असणे ही कायद्याने अपात्रतेची बाब आहे. तरीही नातेवाइकांच्या नावावरचा व्यवहार कागदावर दिसत नाही, तेव्हा वॉर्डात चौकशी करावीच.

पायरी २: आश्वासनांचे तीन ढीग करा

पहिल्या ढिगात सेवासदनाच्या हातातले, दुसऱ्यात राज्य किंवा केंद्राच्या हातातले, तिसऱ्यात कोणाच्याच हुकमाने न होणारे. बहुतेक पत्रके इथेच निम्मी रिकामी होतात.

उदाहरणार्थ, विमानाचा कारखाना. टाटा आणि एअरबसच्या सी-२९५ प्रकल्पाचे उद्घाटन बडोद्यात २८ ऑक्टोबर २०२४ रोजी झाले. हवाई दलासाठीच्या ५६ विमानांपैकी ४० भारतात बनायची आहेत. हा करार संरक्षण मंत्रालयाचा. सावलीजवळ मेट्रोचे डबे बनतात तो कारखाना तर महानगरपालिकेच्या हद्दीबाहेर आहे. असे प्रकल्प आणल्याचे श्रेय एखादे पॅनल घेत असेल तर त्या ओळीला शून्य गुण. मात्र त्याच कारखान्यांना लागणारे सुटे भाग बनवणाऱ्या माकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या लहान शेडपर्यंत रस्ता, गटार आणि पाणी नीट पोचते का, याबद्दल उमेदवार बोलत असेल तर कान द्यावा.

‘भूमिपुत्रांना ८५ टक्के नोकऱ्या’ ही दुसरी आवडती ओळ. सवलती घेणाऱ्या उद्योगांनी ८५ टक्के स्थानिक लोक घ्यावेत असे राज्य सरकारचे धोरण १९९५ पासून आहे. ते राबवायचे काम राज्याच्या खात्यांचे, नगरसेवकाचे नव्हे. व्यवसायवेराही (व्यवसाय कर) असाच. वसूल करते सेवासदन, पण दर राज्य ठरवते (महिन्याला १२,००० रुपयांच्या वर पगार असेल तर २०० रुपये), आणि वर्षाला २,५०० ची कमाल मर्यादा राज्यघटनेतच आहे. ‘व्यवसायवेरा माफ करू’ म्हणणाऱ्याला हे विचारून पाहा. उत्तरावरून अभ्यास कळतो.

भरती मेळाव्यांवर फार वेळ घालवू नका. ते रोजगार कचेरी भरवते, ‘अनुबंधम्’ पोर्टलवर नोंदणी फुकट होते. उमेदवाराने मागे मेळावा घेतला असेल तर किती जणांना नेमणूकपत्र मिळाले आणि सहा महिन्यांनी किती जण कामावर होते, एवढे दोनच आकडे मागा.

पायरी ३: लारी-गल्ल्याचा (हातगाड्या-टपऱ्यांचा) प्रश्न पहिल्याने घ्या

पालिकेच्या थेट हातातला सर्वांत मोठा रोजगार रस्त्याच्या कडेला उभा असतो. मंगळ बाजार, खंडेराव मार्केटचा परिसर, शाळा-इस्पितळांच्या फाटकांजवळच्या लाऱ्या. इथे २०१४ चा पथविक्रेता कायदा लागू आहे आणि तो उमेदवाराला बोट धरून दाखवता येईल इतका स्पष्ट आहे. दर पाच वर्षांनी निदान एकदा पाहणी झाली पाहिजे. पाहणी पूर्ण होऊन सर्वांना विक्री प्रमाणपत्र मिळेपर्यंत कोणाला उठवता येत नाही. हलवायचे असेल तर ३० दिवसांची नोटीस लागते. माल जप्त केला तर यादी द्यावी लागते. मग विक्रेत्याने मागणी केल्यावर नाशवंत माल त्याच दिवशी आणि इतर माल दोन कामकाजाच्या दिवसांत परत मिळाला पाहिजे. वॉर्डाच्या किंवा झोनच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांपर्यंत विक्रेत्यांना सामावून घ्यायचे असे मापही कायद्याने दिले आहे. वॉर्डात ९०,००० लोक असतील तर हा आकडा २,२५० होतो. उमेदवाराने ‘हॉकर झोन करू’ म्हटले की लगेच विचारा: किती ओटे, कोणत्या जागेवर?

जागा हा खरा अडथळा आहे. टीपी स्कीममध्ये (नगररचना योजनेत) रस्ते, बगिचा आणि सार्वजनिक सोयींसाठी प्लॉट राखलेले असतात, तसेच विक्रीसाठीही. आपल्या वॉर्डातल्या अशा प्लॉटचे क्रमांक वॉर्ड ऑफिसमध्ये विचारता येतात. ज्या उमेदवाराकडे प्लॉटचा क्रमांक आहे त्याच्याकडे योजना आहे. बाकीच्यांकडे फक्त शब्द आहे.

हॉकर झोन फसतात त्याची कारणे नेहमीचीच. बाजार गिऱ्हाइकाच्या वाटेवरून अर्धा किलोमीटर आत नेला की धंदा निम्म्यावर येतो आणि महिनाभरात लाऱ्या जुन्या जागी परततात. ओटे बांधले पण नळ, दिवे आणि स्वच्छतागृह नसले तर बायका तिथे बसत नाहीत. वाटप कोण करणार हे ठरलेले नसले तर ओटे भाड्याने फिरू लागतात. कायद्यातल्या नगर विक्रेता समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी स्वतः निवडलेले असावे लागतात, आणि त्यांत एक तृतीयांश महिला. समितीची शेवटची बैठक कधी झाली हे जो उमेदवार न अडखळता सांगतो, तो या विषयात उतरलेला आहे असे समजा.

पथविक्रेत्यांसाठीच्या स्वनिधी कर्जाची माहितीही इथेच तपासा. आता पहिले कर्ज १५,००० पर्यंत, दुसरे २५,००० आणि तिसरे ५०,००० असे आहे. वेळेवर फेड केल्यास ७ टक्के व्याज अनुदान मिळते आणि योजना ३१ मार्च २०३० पर्यंत वाढवलेली आहे. कर्ज बँक देते, केंद्राची योजना आहे. नगरसेवक काय करू शकतो, तर प्रमाणपत्र नसलेल्याला पालिकेचे शिफारसपत्र लवकर मिळवून देणे. ‘आम्ही कर्ज देऊ’ आणि ‘शिफारसपत्र १५ दिवसांत निघेल असे बघू’ यांतले दुसरे वाक्य लहान आहे, पण खरे आहे.

पायरी ४: ठेक्यावरची माणसे, आणि त्यांचा हिशोब

सफाई, बगिचे, पहारा, पंपिंग स्टेशन, संगणकावरची कामे: सेवासदनाची बरीच कामे ठेकेदारामार्फत चालतात. ‘५०० तरुणांना पालिकेत काम’ असे आश्वासन बहुधा याच वाटेने जाते. ते मोजायला शिका.

समजा, किमान वेतन महिन्याला १३,००० धरले. त्यावर मालकाच्या बाजूने पीएफ आणि त्याचे खर्च मिळून १३ टक्के (१,६९०), ईएसआय (कामगार राज्य विमा) ३.२५ टक्के (सुमारे ४२३), बोनस ८.३३ टक्के (सुमारे १,०८३). बेरीज १६,१९५ च्या आसपास. गणवेश, रजा आणि ठेकेदाराचा नफा अजून बाहेरच आहेत. म्हणजे माणशी १५,००० दराची निविदा मंजूर झाली तर पैसे कुठून तरी कापले जाणार हे त्याच दिवशी ठरते. बहुधा पीएफमधून, किंवा हजेरीपुस्तकात दाखवलेल्या आणि प्रत्यक्ष न आलेल्या माणसांमधून. सर्वांत कमी दर म्हणजे पालिकेची बचत, असे म्हणणाऱ्या उमेदवारापुढे हा हिशोब ठेवावा.

आता ५०० माणसे: १६,१९५ गुणिले ५०० गुणिले १२, म्हणजे वर्षाला साधारण ९ कोटी ७२ लाख. हे कोणत्या खात्यातून येणार, आणि पाच वर्षे दरवर्षी येणार का? उत्तर देता आले नाही तर आश्वासन पहिल्या ढिगातून तिसऱ्यात टाका.

चांगला उमेदवार नवी भरती बोलण्याआधी आज कामावर असलेल्यांबद्दल बोलतो. ठेकेदाराने पगार बुडवला तर मुख्य नियोक्ता म्हणून जबाबदारी पालिकेवर येते. त्यामुळे ‘पीएफचे चलन आणि बँकेतून पगार दिल्याचा पुरावा जोडल्याशिवाय ठेकेदाराचे बिल पास होणार नाही’ अशी अट मागणे सर्वस्वी योग्य आहे. कामगाराने आपल्या यूएएनवर (पीएफच्या खाते क्रमांकावर) पासबुक महिन्याच्या महिन्याला पाहावे. सहा महिने एकदम रिकामे दिसले की उशीर झालेला असतो.

शिकाऊ उमेदवारी हा दुसरा रस्ता. ३० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनांनी ठेक्यावरच्यांसह एकूण संख्येच्या २.५ ते १५ टक्के शिकाऊ घ्यावेत असा नियम आहे. ४,००० माणसांमागे कमीत कमी १०० होतात. सेवासदनही शिकाऊंसाठी जाहिराती काढते. आयटीआय झालेल्या मुलांना हे खरोखर उपयोगी आहे, मात्र ठराविक मुदतीनंतर शिकाऊपण संपते आणि पालिकेत कायम होण्याचा हक्क त्यातून मिळत नाही. पत्रकात हे नोकरी म्हणून छापले असेल तर पेन्सिलीने ‘शिकाऊ’ लिहा.

पायरी ५: बजेट उघडा

कमिशनर मसुदा मांडतात, स्थायी समिती त्यात बदल करते, समग्र सभा मंजूर करते. जानेवारी-फेब्रुवारीत हे चालते. पुस्तक जाड असले तरी आपल्याला थोडीच पाने लागतात. प्रत्येक ओळीसमोर मागच्या वर्षीचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा अंदाज, सुधारलेला अंदाज आणि येत्या वर्षाचा अंदाज असे रकाने असतात. लोक चौथा रकाना वाचतात. तुम्ही पहिला आणि दुसरा वाचा. ‘मार्केट व हॉकर झोन’ यासारख्या ओळीसमोर अंदाज पाच कोटी आणि प्रत्यक्ष खर्च वीस लाख असेल, तर पुढच्या वर्षीच्या सात कोटींचे काय होणार ते दिसतेच. मावळत्या नगरसेवकाला हाच फरक दाखवून खुलासा मागावा. त्याने समग्र सभेत त्यावर प्रश्न विचारला होता का, हेही.

कर्जाची पाने सोडू नका. सेवासदनाने मार्च २०२२ मध्ये १०० कोटींचे रोखे ७.१५ टक्के व्याजाने काढले. रोखे काढणे वाईट नाही, उलट हिशोब नेटका ठेवावा लागतो. पण ‘पैसे कुठून’ या प्रश्नाला ‘बाँड काढू’ असे उत्तर आले तर पुढचा प्रश्न हवा: व्याज आणि मुद्दल कोणत्या उत्पन्नातून?

पायरी ६: दुकानदार आणि लहान कारखानदार यांचे काम

वेरा (मालमत्ता कर) आपल्याकडे क्षेत्रफळावर आधारलेला आहे, धंद्याच्या उलाढालीवर नाही. म्हणून मंदीत दुकानाचे बिल कमी होत नाही आणि जागा, वापर, प्रकार यांची नोंद चुकली तर दरवर्षी जास्त भरावे लागते. दर ठरवण्याचा अधिकार बजेटच्या सभेत असल्याने सवलतीचे आश्वासन पहिल्या ढिगात येते. पण सवलतीने घटलेले उत्पन्न कुठून भरणार हे सांगितले पाहिजे. नाहीतर तीच सवलत पुढच्या वर्षी खड्ड्यांच्या रूपाने परत येते.

सवलतीपेक्षा मोठी मदत म्हणजे वेळेवर बिल. पालिकेला पाइप, दिवे, गणवेश, छपाई पुरवणाऱ्या लहान उद्योगांचे पैसे अडकले की त्यांच्या कामगारांचे पगार अडकतात. २००६ च्या एमएसएमई (सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग) कायद्याप्रमाणे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या वर थांबवता येत नाही. थांबवले तर बँक दराच्या तिप्पट, मासिक चक्रवाढ व्याज द्यावे लागते. त्यासाठी ‘उद्यम’ नोंदणी माल देण्याआधी केलेली असावी, आणि ती फुकट आहे. ‘४५ दिवसांच्या वर थकलेल्या बिलांची यादी दर महिन्याला स्थायी समितीसमोर ठेवू’, असे कोणी लिहून देत असेल तर ते सगळ्या पत्रकांतले सर्वांत कामाचे वाक्य ठरेल.

महिलांच्या गटांबद्दल प्रत्येक पत्रकात प्रेम दिसते. बडोद्यात महाराणी चिमणाबाई स्त्री उद्योगालय १९१४ पासून उभे आहे, तेव्हा कल्पना नवी नाही. अडते ते निविदेच्या अटींवर. उलाढाल इतकी, अनुभव तीन वर्षांचा, अनामत अमुक. सखी मंडळ (महिलांचा बचत गट) तिथेच बाद होते. उमेदवाराला विचारा, शिवणकाम किंवा कॅन्टीनच्या कोणत्या निविदेत कोणती अट बदलणार? मोठे काम निविदेची मर्यादा चुकवण्यासाठी तुकडे करून देणे ही अनियमितता आहे. अट बदलण्याचा ठराव करणे नाही. हा फरक माहीत नसलेला नगरसेवक पुढे चौकशीत अडकतो आणि गटांची कामेही बंद पडतात.

पायरी ७: पाणी आणि बस

रोजगाराच्या मथळ्याखाली हे दोन विषय पत्रकात येत नाहीत, तरी यायला हवेत. ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस विश्वामित्री नदी काळा घोड्याजवळ ३५ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी २६ फूट आहे. दुकानांतला माल, घरगुती शिलाई यंत्रे, पिठाच्या गिरण्या पाण्यात गेल्या. नंतर राज्याने मदत जाहीर केली तेव्हा लारी, गल्ला, पक्के दुकान असे वर्ग पाडले होते. कोणत्या वर्गात आपण बसतो हे कागद सांगतो, म्हणून विक्री प्रमाणपत्र आणि दुकानाची नोंदणी पुराच्या वेळीही लागते. उमेदवाराला विचारा की वॉर्डातली पावसाळी गटारे जूनच्या आधी साफ झाली हे तो कशावरून तपासणार, आणि नदीकाठच्या भरावाला परवानगी देण्याबद्दल त्याचे मत काय आहे.

बसचे असे आहे की पहिली पाळी सकाळी सातला सुरू होत असेल आणि दुसरी रात्री अकराला सुटत असेल तर त्या वेळांना माकरपुऱ्याकडे बस असावी लागते. नसली तर मुलीला नोकरी मिळूनही घरचे पाठवत नाहीत. हे बडोद्याच्या मध्यमवर्गीय मराठी घरांत आजही घडते. बसथांब्यापासून फाटकापर्यंतचे दिवे हे पूर्णपणे सेवासदनाचे काम आहे. वेळा आणि थांब्यांची नावे लिहून मागणी करा. ‘वाहतूक सुधारू’ अशा उत्तरावर समाधान मानू नका.

पायरी ८: सभेत विचारणे आणि लिहून घेणे

चौकसभेत तीनच प्रश्न विचारा, जास्त विचारले तर सोपे तेवढेच उचलले जातात. असे विचारता येईल: ‘भाई, हॉकर झोनचा प्लॉट क्रमांक कोणता आणि ओटे किती?’ ‘बेन, ठेकेदाराच्या बिलाला पीएफचे चलन जोडण्याचा ठराव पहिल्या सहा महिन्यांत मांडाल का?’ ‘४५ दिवसांच्या वर थकलेली बिले समग्र सभेत विचाराल का?’ उत्तर तारखेसह वहीत लिहा, शक्य असल्यास उमेदवाराची सही घ्या. सही द्यायला कचरणाऱ्यापेक्षा ‘हे माझ्या हातात नाही, पण एवढे करीन’ म्हणणारा अधिक भरवशाचा.

गुण देताना प्रत्येक आश्वासनाला चार गोष्टींसाठी एकेक गुण: अधिकार पालिकेचा आहे, जागा किंवा बजेटची ओळ सांगितली आहे, आकडा आहे, मुदत आहे. चारपैकी तीन मिळवणारी दोन आश्वासनेही असली तर उमेदवार चांगला. वीस आश्वासनांना एकेक गुण मिळून वीस होतात, ती बेरीज धरू नका.

निकालानंतर सहा महिन्यांनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. गुजरातेत शुल्क २० रुपये, पोस्टल ऑर्डरने भरता येते, उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज मराठीत चालत नाही. गुजराती, हिंदी किंवा इंग्रजीत लिहा. ‘रोजगारासाठी काय केले’ असे मोघम विचारले तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच येते. म्हणून नगर विक्रेता समितीच्या बैठकांची इतिवृत्ते, अमुक ठेक्याच्या अमुक महिन्याच्या पीएफ चलनांच्या प्रती, आणि आपल्या नगरसेवकाने समग्र सभेत लेखी विचारलेल्या प्रश्नांची यादी, असे कागदाचे नाव घेऊन मागा. तीन विषय तीन अर्जांत टाकलेले बरे, कारण एका अर्जात मिसळले की तो एका खात्याकडून दुसऱ्याकडे फिरत राहतो. उत्तर आले नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिले अपील करायचे.